बाळ झोपेत श्वास थांबवतं, सेरोटोनिन कमी असेल का?

पत्र (थोडं कापून देतेय):

"मॅडम, माझी मुलगी पाच आठवड्यांची आहे. ३८ आठवडे पूर्ण होऊन झाली, जन्माचं वजन २.७ किलो. झोपेत मधेच सात-आठ सेकंद श्वासच घेत नाही, मग भराभर घेते. प्रेग्नन्सीत मी डिप्रेशनसाठी सर्ट्रालिन घेत होते, अजूनही चालू आहे. नेटवर वाचलं की ज्या बाळांच्या ब्रेनस्टेममध्ये सेरोटोनिन कमी असतं ती झोपेतच जातात. माझ्या गोळीमुळे तसं झालं असेल का? सेरोटोनिनची टेस्ट होते का? मी केळी-दूध जास्त घेतलं तर तिला अंगावरच्या दुधातून मिळेल का? पायात घालायचा ऑक्सिजन दाखवणारा सॉक्स घेऊ का? सासूबाई म्हणतात पालथी झोपव, छान गाढ झोपते. मी रात्री दर दहा मिनिटांनी उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. – एक घाबरलेली आई, नाशिक"

अगं, आधी श्वासाचं सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरून सुरू झालंय. तू लिहिलंयस तसं सात-आठ सेकंद थांबणं, मग पटापट दहा-पंधरा श्वास, मग पुन्हा शांत, आणि या सगळ्यात रंग गुलाबी, अंग नॉर्मल, दूध व्यवस्थित, तर याला आम्ही पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतो आणि या वयात ते खूप बाळांमध्ये दिसतं. श्वासाची यंत्रणा अजून कच्ची असते, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे बघून ती श्वास कमीजास्त करते आणि तो अंदाज तिला नीट जमत नाही, म्हणून असं थांबणं-पळणं होतं. काही महिन्यांत कमी होत जातं. धावत हॉस्पिटलला न्यायचं ते कधी, तर श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा त्याहून कमी थांबला पण ओठ-जीभ निळी पडली, अंग पांढरं पडलं, बाळ लुळं झालं. तसंच ती शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि ते ६० किंवा जास्त आले (पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, या वयात ते चुकतं), छातीचा खालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, दूध ओढत नसेल, ताप १००.४ च्या वर असेल किंवा अंग गार लागत असेल, तर वाट बघायची नाही. श्वास थांबलाच तर तळपायावर टिचकी मार, पाठ चोळ, आणि १०८ ला फोन कर. घाबरून बाळाला हलवू-गदागदा करू नकोस, ते फार धोक्याचं असतं.

आता सेरोटोनिन. तू जे वाचलंस ते खोटं नाहीये, पण अर्धवट वाचलंस आणि वाईट अर्धं वाचलंस.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मूड आठवतो. पण ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, त्याचा जो सगळ्यात खालचा भाग, मानेला जोडलेला, शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणायचे तो, आम्ही मेड्युला म्हणतो, तिथे मधोमध रेषेत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. त्यांना राफे न्यूक्लिआय म्हणतात. त्यांचं काम मूडचं नाही, श्वास, हृदयाचे ठोके, ब्लडप्रेशर, अंगाचं तापमान आणि झोपेतून जाग येणं या सगळ्यावर त्यांचा हात असतो. श्वासाची लय मात्र त्या स्वतः देत नाहीत, ती शेजारचा प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा छोटासा भाग देतो. कीर्तनात कसं, ताल धरतो तो मृदंगवाला, पण बुवा हात वर करून लय वाढव म्हणून खूण करतात तेव्हा सगळा रंग चढतो, तसं आहे हे. बुवा नसले तरी मृदंग वाजेल, पण लय वाढवायची वेळ आली की कोण सांगणार?

आणि ती वेळ कुठली असते? समज बाळ पालथं झोपलंय, तोंड मऊ गादीत रुतलंय. त्याने सोडलेलीच हवा पुन्हा आत जातेय, कार्बन डायऑक्साइड वाढतोय, ऑक्सिजन कमी होतोय. अशा वेळी बहुतेक बाळं काय करतात तर श्वास जोरात घेतात, मग चुळबूळ करतात, डोकं वळवतात, रडून उठतात. संपला विषय. आईला कळतही नाही की काही झालं होतं. या पूर्ण साखळीत सेरोटोनिनच्या पेशी आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढला की यातल्या काही पेशी जास्त फायर करतात, म्हणजे जास्त संदेश सोडतात, हे अमेरिकेत जॉर्ज रिचर्सन यांच्या टीमने दाखवलं, आणि उंदरांमध्ये या पेशी बंद केल्या की कार्बन डायऑक्साइडला मिळणारा श्वासाचा प्रतिसाद बराच मंदावतो हेही दिसलंय. समजा एवढं करूनही बाळ उठलं नाही आणि ऑक्सिजन अगदीच खाली गेला, तर शेवटचा उपाय म्हणून शरीर गॅस्पिंग करतं, म्हणजे तुटक पण खोल आचके देतं, आणि बऱ्याचदा त्या आचक्यांवर हृदय पुन्हा पळायला लागतं. याला ऑटोरिससिटेशन म्हणतात, स्वतःच स्वतःला परत आणणं.

इथेच ब्लडप्रेशरचा भाग येतो, ज्याबद्दल नेटवरचे लेख काहीच बोलत नाहीत, आणि मला विचारशील तर सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आचका दिला, हवा फुफ्फुसात गेली, ठीक. पण तो ऑक्सिजन फुफ्फुसातून हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचवणार कोण? रक्त. आणि रक्तवाहिन्यांमध्ये प्रेशरच उरलं नसेल तर हृदयाला स्वतःलाच रक्त मिळत नाही, मग आचके कितीही दिले तरी उपयोग शून्य. मिसुरी विद्यापीठात केव्हिन कमिंग्ज यांचा ग्रुप यावर काम करतो. २०१३ मध्ये त्यांनी उंदराच्या पिल्लांवरचा एक अभ्यास छापला, ज्यात पिल्लांच्या ब्रेनस्टेममधलं सेरोटोनिन आधीच कमी करून ठेवलं होतं आणि मग थोड्या थोड्या वेळाने त्यांचा ऑक्सिजन बंद केला. ज्यांचं सेरोटोनिन शाबूत होतं त्यांनी प्रेशर सांभाळलं. ज्यांचं कमी होतं त्यांचं प्रेशर जास्त घसरलं. म्हणजे सेरोटोनिन फक्त श्वास चालू ठेवत नाही, तो श्वास उपयोगी पडावा एवढं प्रेशरही टिकवून धरतं. सेरोटोनिनच्या पेशी जन्मतःच कमी असलेल्या उंदरांवर त्याआधी झालेल्या कामात अजून एक दिसलं होतं, की हा दोष सगळ्या वयात सारखा घातक नसतो, एका ठराविक वयातच ती पिल्लं सावरू शकत नाहीत, पुढे मोठी झाली की बरीचशी तरून जातात. माणसाच्या बाळांमध्येही असे अचानक मृत्यू सगळ्यात जास्त दोन ते चार महिन्यांत होतात आणि सहा महिन्यांनंतर एकदम कमी होतात, ते यामुळेच असावं असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटतं.

बाळांवरचं काम मुख्यतः बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या हॅना किनी यांचं. अमेरिकेत कारण न सापडता गेलेल्या बाळांचं शवविच्छेदन होतं, त्यातले मेंदूचे नमुने अभ्यासाला मिळतात. आपल्याकडे असं शवविच्छेदन क्वचितच होतं. २००६ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं की सिड्सने (अचानक, कारण न सापडता झालेल्या बालमृत्यूला हे नाव आहे) गेलेल्या बाळांच्या मेड्युलात सेरोटोनिनच्या पेशी उलट जास्त होत्या, पण कच्च्या दिसत होत्या, आणि सेरोटोनिन पकडणारे रिसेप्टर कमी होते. मग २०१० मध्ये प्रत्यक्ष मोजलं, तर मेड्युलातलं सेरोटोनिन २६% कमी आणि ते बनवणारं एन्झाइम २२% कमी. एवढं वाचून तुझ्या पोटात गोळा आला असणार. पण थांब. हा दोष अशा प्रत्येक बाळात सापडत नाही. आणि हे सगळं बाळ गेल्यानंतर मेंदूच्या तुकड्यात मोजलेलं आहे, जिवंत बाळाच्या ब्रेनस्टेममधलं सेरोटोनिन मोजायची कुठलीही टेस्ट नाही, नाशिकला नाही, मुंबईला नाही, बॉस्टनलाही नाही. रक्तातलं मोजून काय कळेल? याच टीमने २०१७ मध्ये अशा बाळांचं रक्त तपासलं तेव्हा ६१ पैकी १९ जणांचं रक्तातलं सेरोटोनिन वाढलेलं निघालं, हो, वाढलेलं! मेंदूत कमी आणि रक्तात जास्त. त्यामुळे कुणी लॅबवाला पॅकेजमध्ये सेरोटोनिन टेस्ट देत असेल तर पैसे वाचव.

किनी आणि फिलिआनो यांनी १९९४ मध्ये मांडलेलं एक मॉडेल आहे, मला ते आईवडिलांना सांगायला फार उपयोगी वाटतं. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तर असा मृत्यू होतो. एक, बाळात आतून काहीतरी कच्चं असणं, उदाहरणार्थ हे सेरोटोनिनचं. दोन, ते नाजूक वय. तीन, बाहेरचा ताण, म्हणजे पालथं झोपणं, तोंडावर पांघरूण, धूर, अति उबारा, सर्दी-खोकल्याचं इन्फेक्शन. पहिलं कुणाला दिसत नाही. दुसरं प्रत्येक बाळाला पार करावंच लागतं. राहिलं तिसरं, ते मात्र जवळजवळ पूर्ण घरच्यांच्या हातात आहे. तुझी सगळी ताकद सध्या पहिल्याच्या मागे चाललीये, जिथे करण्यासारखं काही नाही, आणि तिसऱ्यातलं पालथं झोपवणं तू पत्रात सहज एका ओळीत लिहून मोकळी झालीस.

सासूबाई खोटं बोलत नाहीयेत बरं का. पालथं झोपलेलं बाळ खरंच गाढ झोपतं, सहज जागं होत नाही. पण तोच तर धोका आहे. वर जी साखळी सांगितली त्यात जाग येणं हेच मुख्य आहे. शिवाय मेलबर्नला मोनाश विद्यापीठात रोझमेरी हॉर्न यांच्या टीमने एकदम निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांचं झोपेतलं ब्लडप्रेशर मोजलं, तर दोन-तीन महिन्यांच्या वयात ते सगळ्यात खाली होतं आणि पालथं झोपवलं की अजून घसरत होतं. म्हणजे जे वय सगळ्यात नाजूक त्याच वयात पालथं झोपवून आपण प्रेशर आणखी खाली नेतो. अमेरिकेतही कित्येक वर्षं डॉक्टर मंडळीच पालथं झोपवा सांगायची, मग १९९२ मध्ये त्यांच्या बालरोगतज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला, १९९४ पासून देशभर उताणं झोपवायची मोहीम चालवली आणि सिड्सचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. सेरोटोनिनला कुणी हातही लावला नव्हता, फक्त बाळं उलटवली.

उताणं झोपवलं तर गुळणी श्वासनलिकेत जाईल ही भीती पण सगळ्यांना असते. उलट आहे. उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बाळांना पालथं ठेवलेलं बघितलं असेल कुणी, तर तिथे चोवीस तास मॉनिटर लावलेला असतो आणि समोर नर्स असते, घरी त्याची नक्कल करायची नाही. पालथं घालायचं ते दिवसा, बाळ जागं असताना, तू समोर बसलेली असताना. सासूबाईंना हेच सांग की पालथी घालूच, पण झोपल्यावर नाही, त्यांचाही मान राहील. तरी ऐकलं नाही तर हे पत्र वाचून दाखव, माझ्यावर ढकल.

आता घरातल्या बाकीच्या गोष्टी, तू लिहिल्या नाहीयेस पण मला आपल्या बाळंतिणीच्या खोल्या माहितीयेत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी असेल तर ती काढ, झोपताना उशी नकोच, लोड नको, मऊ खेळणी नकोत, गोधडी तोंडापर्यंत नको. गादी कडक, सपाट. घरात कानटोपी-स्वेटर-दुपटं-वर रजई असं सगळं एकदम घालू नका, आपल्याला जेवढं लागतं त्याहून एखादा थर जास्त पुरे, कारण तापमान सांभाळायचं काम पण याच ब्रेनस्टेमच्या पेशींकडे आहे आणि त्यांच्यावर उगाच बोजा कशाला. मान-पाठ घामाने ओली लागली तर एक कपडा कमी कर. धुरी बंद. हो, मला माहितीये ओवा-वेखंड-धूप सगळं औषधी असतं, पण पाच आठवड्यांच्या फुफ्फुसाला धूर तो धूरच. घरात कुणी सिगरेट-बिडी ओढत असेल तर गॅलरीत जाऊन ओढणं पुरत नाही, कपड्यांवर येतंच सगळं. आणि हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी, मिश्री पण यातच आली. ती तंबाखूच आहे, भाजलेली, आणि तिच्यातलं निकोटिन पोटातल्या बाळापर्यंत जातं. दात घासायला म्हणून कितीतरी जणी गरोदरपणात लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या हिशोबी ती तंबाखू नसतेच. ब्रेनस्टेमच्या या यंत्रणेला पोटात असतानाच धक्का पोचवणाऱ्या गोष्टींमध्ये निकोटिनचं नाव सगळ्यात वर आहे. मिश्री आज सोडली तरी फायदा आहे.

तिला तुझ्याच खोलीत ठेव, पण तिची जागा वेगळी, पाळणा किंवा शेजारी छोटी कडक गादी. आपल्याकडे कुशीत घेऊन झोपायची पद्धत आहे आणि मी त्यावर भाषण देणार नाही, पण निदान दोघांच्या मधे नको, एका रजईत नको, आणि तुझ्या गोळ्यांमध्ये झोप आणणारी एखादी असेल तर अजिबातच नको. सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं तर सगळ्यात वाईट.

सर्ट्रालिन, म्हणजे सेरोटोनिनवरच काम करणारी तुझी गोळी. मला वाटतं पत्राचं खरं कारण हेच आहे, बाकीचं आजूबाजूचं. गरोदरपणात ही गोळी घेतलेल्या आईंच्या बाळांपैकी साधारण ३०% बाळं पहिले काही दिवस जरा चिडचिडी, थरथरणारी, भराभर श्वास घेणारी असू शकतात. ते बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं, तुझी पाच आठवड्यांची आहे. दुसरा एक धोका म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढून राहणं, तो हजारात दोनच्या जागी तीनच्या आसपास जातो आणि दिसायचा असेल तर जन्मल्यावर लगेचच, पहिल्या तास-दिवसांत दिसतो. तोही टप्पा गेला. आणि तू वाचलेल्या सेरोटोनिनच्या दोषाचं खापर सर्ट्रालिनवर फोडायला भक्कम पुरावा नाहीये. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला डिप्रेशनची गोळी द्यायची तर डॉक्टर बहुतेक वेळा आधी हीच निवडतात कारण ती दुधात फार कमी उतरते. नेटवर काहीतरी वाचून आज रात्रीपासून गोळी बंद, असलं काही करायचं नाही. बदल करायचा तर सायकियाट्रिस्टना विचारूनच.

केळी खा, दूध पी, तुला शक्ती पाहिजेच. पण शरीरातलं ९०% च्या वर सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं आपण बनवतो. त्यामुळे केळ्याने तिच्या ब्रेनस्टेममध्ये काही जाणार नाही. सॉक्सचं म्हणशील तर निरोगी बाळाला असले मॉनिटर लावून सिड्स टळतो असं दिसलेलं नाही आणि अमेरिकन बालरोगतज्ञ तर त्यासाठी वापरू नका असंच सांगतात. खोटे अलार्म वाजतील, तू अजून जागशील. नको घेऊस.

त्यावरून, दर दहा मिनिटांनी नाकाखाली बोट. हे मला श्वासापेक्षा जास्त खटकलं. पाच आठवडे सलग न झोपलेली, डिप्रेशनची हिस्ट्री असलेली आई, तपासल्याशिवाय चैन पडत नाही, ही नुसती काळजी नाही, बाळंतपणानंतरची अँग्झायटी असू शकते आणि तिला उपचार आहेत. सायकियाट्रिस्टना हे बोटाचं सांग, लाजू नकोस, त्यांनी हे खूप ऐकलेलं असतं. पुढची तारीख लांब असेल तर फोन करून अलीकडची माग. आणि रात्रीचा एक चार-पाच तासांचा तुकडा नवऱ्याने सांभाळायचा, काढून ठेवलेलं दूध तो देऊ शकतो, तू दुसऱ्या खोलीत झोपायचं.

पुढच्या आठवड्यात तिची सहा आठवड्यांची लस असेल, पेंटाव्हॅलंट वगैरे. ती चुकवू नकोस. लस आणि असे मृत्यू साधारण एकाच वयात येतात म्हणून लोक जोडतात, पण संबंध नाही, उलट लस घेतलेल्या बाळांमध्ये असे मृत्यू कमी दिसलेत. त्याआधी एक कर, ती झोपेत श्वास थांबवते तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढ, छाती-पोट उघडं दिसेल असा, दिवा लावून म्हणजे ओठांचा रंग कळेल, दोन मिनिटांचा तरी. लसीच्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना दाखव आणि प्रेग्नन्सीत सर्ट्रालिन चालू होती हे स्वतःहून सांग. ऑक्सिजन बघणारं यंत्र त्यांच्याकडे असतंच, पायाला लावून एका मिनिटात बघून देतील.